एसजीपीटी हजाराच्या वर गेलं, तर आधी काय करायचं?

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिव्हरच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टची पीडीएफ येते. एसजीपीटी १८४०, एसजीओटी १३२०, शेजारी ठळक अक्षरात ‘जास्त’ अशी खूण आणि कंसात नॉर्मल मर्यादा ४० पर्यंत. खानदेशात यानंतर हमखास दोन फोन जातात. एक कावीळ उतरवणाऱ्याकडं, दुसरा ओळखीच्या मेडिकलवाल्याला, ‘लिव्हरचं चांगलं टॉनिक काढून ठेव भो’ म्हणून. दोन्ही फोन राहू द्या. त्याआधी करायची कामं बरीच आहेत आणि त्यातली निम्मी घरबसल्या होतात.

मी जळगाव जिल्ह्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. त्यामुळं कुठलं औषध घ्यायचं ते इथं सापडणार नाही. रिपोर्ट घेऊन काउंटरवर उभं राहिलेली माणसं जे विचारतात, त्याची उत्तरं इथं आहेत.

आधी माणूस बघा, कागद नंतर

आकडा ८०० आहे की ३०००, यावरून आज रात्री दवाखाना गाठायचा की उद्या सकाळी, हे ठरत नाही. ते पेशंटकडं बघून ठरतं. त्याला आजचा वार विचारा, वीसपासून उलटे आकडे म्हणायला सांगा. दिवसभर झोप आणि रात्री टक्क जागा, बोलताना अडखळतोय, उगाच चिडतोय, ओळखीच्या माणसाला भलत्याच नावानं हाक मारतोय, असं काही असेल तर जी घाण एरवी लिव्हर साफ करतं ती मेंदूपर्यंत पोचू लागली आहे. दोन्ही हात समोर ताणून तळवे वर उचलून धरायला सांगा. मनगटं फडफडून खाली पडत असतील तर तीही तीच खूण.

हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी डांबरी शी, पाणीसुद्धा न टिकणारी उलटी, लघवी अगदी कमी होणं, पोट फुगणं, किंवा कावीळ आणि थंडी वाजून ताप एकत्र, यातलं एकही असेल तर सकाळची वाट पाहू नका. १०८ लावा. पेशंट गरोदर असेल तर लक्षणं नसली तरी त्याच दिवशी दाखवा.

आणखी एक प्रकार असा आहे की पेशंट ठणठणीत दिसतो, तरी धावावं लागतं. कुणी रागाच्या भरात उंदीर मारायची पेस्ट खाल्ली असेल किंवा पॅरासिटामॉलच्या गोळ्यांची अख्खी पाकिटं रिकामी केली असतील, तर पहिल्या दिवशी थोड्या उलट्या होतात आणि मग बरं वाटतं. घरचे म्हणतात, वाचलं पोर. पिवळा फॉस्फरस असलेल्या पेस्टमध्ये ही शांतता एक-दोन दिवस टिकते आणि मग लिव्हर कोसळतं. त्यावर उतारा नाही. म्हणून जितक्या लवकर मोठ्या दवाखान्यात, तितकं बरं. पॅरासिटामॉलवर उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन नावाचा, आणि तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. त्या आठ तासांत एसजीपीटी नॉर्मलही येऊ शकतं, त्यामुळं ‘रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून घरी बसू नका. पेस्टची ट्यूब किंवा गोळ्यांचं रिकामं पाकीट पिशवीत घालून सोबत न्या. पोलीस केस होईल या भीतीनं खरं लपवलं, तर डॉक्टर काविळीचा उपचार करत बसतात आणि उताऱ्याची वेळ निघून जाते.

आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

एसजीपीटी आणि एसजीओटी ही लिव्हरच्या पेशींच्या आत काम करणारी एन्झाइम्स. नव्या रिपोर्टवर त्यांचीच नावं एएलटी आणि एएसटी अशी असतात. पेशी फुटली की ती रक्तात येतात. मार्केट यार्डाकडं निघालेल्या गाडीतलं पोतं फाटलं की रस्त्यावर ज्वारी सांडते. सांडलेल्या ज्वारीवरून पोतं किती फाटलं ते कळतं, गाडीत अजून किती पोती शाबूत आहेत ते कळत नाही. एसजीपीटी २५०० असलेला विशीतला पोरगा दोन महिन्यांत शेतात नांगर धरतो, आणि एसजीपीटी ९० असलेला सिरॉसिसचा, म्हणजे लिव्हर कायमचं कडक झालेला, पेशंट आयसीयूत असतो.

गाडीत काय उरलंय ते सांगणारी तपासणी वेगळी आहे आणि ती बहुतेक वेळा लिहिलेलीच नसते: पीटी-आयएनआर. रक्त गोठवणारे घटक लिव्हर बनवतं, ते कमी पडले की आयएनआर वाढतो. रक्त पातळ करायची गोळी चालू नसताना तो १.५ किंवा त्याहून जास्त आणि सोबत गुंगी किंवा बरळणं, याला डॉक्टर अक्यूट लिव्हर फेल्युअर, म्हणजे लिव्हर अचानक निकामी होणं, म्हणतात. म्हणून लिव्हर फंक्शन टेस्ट हजाराच्या वर आली आणि पीटी-आयएनआर झालेलं नसेल, तर दुसऱ्याच दिवशी करून घ्या. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त अगदी खुणेपर्यंत भरावं लागतं. कमी भरलं की आयएनआर खोटा वाढून येतो. रक्त घेताना तुम्ही बघितलंत तर कुणी रागावणार नाही.

बाकीच्या ओळी अशा वाचा. ४० ही मर्यादा सगळीकडं सारखी नसते, आपल्या लॅबनं छापलेली बघा आणि आकडा तिच्या किती पट आहे ते काढा. पाच पटींच्या आत असेल तर चरबी साठलेलं लिव्हर, दारू, एखादं औषध, जुना हिपॅटायटिस बी किंवा सी, अशी लांबलचक यादी निघते आणि तपासायला वेळ असतो. पंधरा पटींच्या वर गेलं की यादी एकदम आखूड होते: विषाणूची कावीळ, औषध किंवा विष, लिव्हरचा रक्तपुरवठा मध्येच तुटणं, पित्तनळीत अडकलेला खडा, आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीनं स्वतःच्याच लिव्हरवर केलेला हल्ला. हजारांचा आकडा म्हणजे बहुधा यांपैकी एक.

यात दारू नाही हे लक्षात घ्या. नुसत्या दारूनं एसजीओटी-एसजीपीटी सहसा ३००-४०० च्या पुढं जात नाही आणि त्यात एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट किंवा जास्त असतं. ‘पितोच ना तो, मग होणारच’ असं म्हणून १८०० चा आकडा घरीच मिटवणारी माणसं मी बघितली आहेत. पिणाऱ्यालाही हिपॅटायटिस ई, म्हणजे दूषित पाण्यातून येणारी विषाणूची कावीळ, होतो. आणि रोज पिणाऱ्यानं अंगदुखीसाठी पॅरासिटामॉलच्या गोळ्यांवर गोळ्या घेतल्या असतील तर नेहमीच्या वाटणाऱ्या डोसातही लिव्हर बिघडू शकतं.

अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी ही रिपोर्टवरची आणखी दोन एन्झाइम्स वर आणि एसजीपीटी तुलनेनं कमी असेल तर नजर पित्तनळीकडं जाते. सोनोग्राफी लवकर करा. बिलिरुबिन हे रक्तातलं पिवळं द्रव्य, ते वाढणं म्हणजे कावीळ. ती डोळ्यांत सहसा २.५-३ च्या आसपास दिसू लागते.

एक फसवा प्रकार आहे. चार दिवसांपूर्वी २८०० असलेलं एसजीपीटी ५०० वर आलं म्हणून घरी पेढे वाटायची तयारी, पण त्याच वेळी बिलिरुबिन ८ वरून १९ आणि आयएनआर १.३ वरून २.४. फुटायला पेशीच कमी उरल्या की एन्झाइमही उतरतं. म्हणून तीन आकडे नेहमी एका ओळीत वाचा.

आकडा खरा आहे ना?

मे महिन्यात चोपड्याकडच्या एखाद्या खेड्यातून रक्ताची ट्यूब मोटरसायकलच्या डिकीतून लॅबला येते. ती मशीनमध्ये फिरवून सिरम, म्हणजे रक्ताचा वरचा पातळ भाग, वेगळं केलं की ते फिकं पिवळं दिसायला हवं. गुलाबी-लाल दिसलं तर लाल पेशी फुटल्या आहेत आणि एसजीओटी त्यामुळंच वाढलेलं असू शकतं. चांगली लॅब रिपोर्टखाली ‘नमुना हिमोलाइज्ड’ अशी टीप टाकते. ती टीप असेल तर फेररक्त द्या, पैसे मागितले तर वाद घाला.

स्नायूंचंही तसंच. फिट येऊन गेलेली असेल, बांधावरून जोरात पडलेला असेल, पहिल्यांदाच जिममध्ये जाऊन दोन तास वजनं उचलली असतील, तर एसजीओटी स्नायूंतून येतं, थोडंफार एसजीपीटीही. सीपीके ही स्नायूंच्या एन्झाइमची तपासणी केली की उलगडा होतो. पण दोन्ही आकडे हजाराच्या वर, लघवी गडद आणि जेवण नकोसं झालेलं असेल तर आकड्यावर शंका घेण्यात दिवस घालवू नका.

वहीचं एक पान

सगळ्यात जास्त कामाची ही पायरी आहे आणि लोक ती सगळ्यात घाईनं उरकतात. डॉक्टर विचारतात, ‘काही औषधं चालू होती का?’ पेशंट म्हणतो, ‘नाही, काहीच नाही.’ मग बाहेर आल्यावर बायको म्हणते, ‘ते गुडघ्याचं चूर्ण?’

गेल्या तीन महिन्यांत तोंडावाटे, सुईनं किंवा नाकावाटे जे जे शरीरात गेलं ते सगळं लिहा, कधी सुरू केलं त्या तारखेसकट. आठवत नसेल तर घरातली पाकिटं, बाटल्या, पुड्या एका पिशवीत भरून न्या. पुढचं विसरू नका:

सर्दी-तापाच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या. नावं वेगळी, आत पॅरासिटामॉल तेच. ताप आला म्हणून एक, सर्दीची दुसरी, कंबरेची तिसरी, अशा तीन पाकिटांतून दिवसाची चार ग्रॅमची मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही.

गावातल्या डॉक्टरकडच्या सुया आणि खुल्या गोळ्या. कागदाच्या पुडीतून दिलेल्या गोळ्यांची नावं त्यांच्याकडून लिहून आणा. भांडायला नको, नम्रपणे मागितलं तर सांगतात.

टीबीची औषधं. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिन्हींनी लिव्हरला त्रास होऊ शकतो. उलट्या-कावीळ असताना एसजीपीटी तीन पटींच्या वर, किंवा काहीही त्रास नसताना पाच पटींच्या वर गेलं तर डॉक्टर ती थांबवतात आणि आकडे उतरल्यावर एकेक करून पुन्हा सुरू करतात. मळमळ किंवा पिवळेपणा दिसला की त्याच दिवशी टीबी केंद्राला कळवा. गुपचूप कायमची बंद करू नका.

फिटच्या गोळ्या, संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट, नायट्यावर दिलेल्या पोटातल्या गोळ्या, जिममधली ‘बॉडी बनवायची’ इंजेक्शनं.

आणि झाडपाला. इथं लोक दुखावतात. निंबावरची गुळवेल आमच्याकडं घरोघरी आहे आणि कोरोनाच्या काळात तिचा काढा कुणी घेतला नाही असं घर सापडणार नाही. त्याच काळात, २०२१ मध्ये, मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेल्या पेशंटांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षाला हरकत घेतली. तो वाद तज्ज्ञांना लढू द्या. तुमचं एसजीपीटी हजारावर असेल तर गुळवेल, अश्वगंधा, वजन उतरवायच्या पावडरी, आठवडे बाजारातली जडीबुटी, भस्म, सगळं आजपासून बंद आणि सगळं कागदावर.

ऋतू कोणता चालू आहे?

आमच्याकडं आकडा बघताना कॅलेंडरही बघतात. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणारी गावं खानदेशात कमी नाहीत. मधल्या दिवसांत पाइप रिकामा असतो आणि शेजारून गटार वाहत असेल तर फुटक्या सांध्यातून घाण आत ओढली जाते. पावसाळा लागला की हिपॅटायटिस ए आणि ई यांचे पेशंट गल्लीच्या गल्ली येतात. पाणी प्यायल्यापासून आजार दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जाऊ शकतात, म्हणून ‘कालच्या लग्नातलं पाणी’ बहुधा निर्दोष असतं. महिन्यापूर्वी कुठं होतात ते आठवा. हिपॅटायटिस ई बहुतेकांना आपोआप बरा होतो, पण गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर जीव जाण्याचा धोका पाचातून एकापर्यंत जातो. घरात दुसरं कुणी गरोदर असेल तर तिचं पाणी आजच उकळायला लागा.

एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या घरात असतो. उष्माघातानं बेशुद्ध पडलेल्या माणसाचं एसजीपीटी पहिल्या दिवशी थोडंच वाढलेलं असतं आणि दोन-तीन दिवसांनी हजारांत जातं. शुद्धीवर आला, सलाइन लागली, घरी नेला, असं करू नका. तिसऱ्या दिवशीची तपासणी चुकवू नका.

पावसाळ्यात आणि नंतर डेंगी, मलेरिया, स्क्रब टायफस आणि लेप्टो हे तापही एन्झाइम्स वाढवतात. ताप चालूच असेल आणि प्लेटलेट्स खाली असतील तर त्यांच्या तपासण्या आधी. कावीळ दिसू लागल्यावर ताप उतरणं हे ए आणि ई मध्ये नेहमीचं, पण कावीळही आहे आणि तापही चढतोच आहे, तर डॉक्टरांना तसं मुद्दाम सांगा. नंदुरबार आणि सातपुड्याकडच्या घरांत सिकलसेल असेल तर तेही सांगा. त्यात रक्तपेशी फुटून बिलिरुबिन वाढतं, पित्ताशयात खडे होतात, आणि अर्थ सगळाच बदलतो.

तपासण्या, टप्प्याटप्प्यानं

एकदम बारा हजारांचं पॅकेज घेऊ नका. पहिल्या फेरीत पीटी-आयएनआर, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), साखर, क्रिएटिनिन (किडनीसाठी), एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी साठी), अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सी साठी), हिपॅटायटिस ए आणि ई च्या आयजीएम (ताजा संसर्ग दाखवणाऱ्या) तपासण्या, आणि पोटाची सोनोग्राफी. एवढ्यात बहुतेकांचं कारण सापडतं. नाही सापडलं तर दुसऱ्या फेरीत डॉक्टर प्रतिकारशक्तीचा हल्ला आहे का ते बघायला एएनए, आयजीजी आणि तरुण पेशंट असेल तर तांब्याच्या विकारासाठी सेरुलोप्लाझमिन लिहितात. हिपॅटायटिस बी आणि सी साठी २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात या तपासण्या आणि औषधं मोफत मिळतात. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन विचारा.

दाखवायचं कुठं? पेशंट शुद्धीवर, जेवतोय, आयएनआर ठीक, तर तालुक्याचा एमडी फिजिशियन किंवा उपजिल्हा रुग्णालय पुरेसं आहे. आयएनआर १.५ च्या वर चालला असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी न थांबता लिव्हरचा आयसीयू कुठं आहे ते विचारायला लागा. नाशिक, मुंबई, पुणे इथं विचारा; नंदुरबार-नवापूरकडच्यांना सुरत जवळ. बिलिरुबिन वाढतंय, पेशंट गुंगीत चाललाय आणि मग गाडी शोधायची, यात रात्र जाते. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, दाखल होतानाच त्याला गाठा.

माळ, चुना आणि नाकातलं औषध

चुन्याच्या निवळीत हात धुतले आणि पाणी पिवळं झालं, म्हणजे कावीळ उतरली असं समजतात. आंब्याच्या सालीचा रस लावलेले हात त्यात धुतले तर ज्याला कावीळ नाही त्याच्याही हातानं पाणी पिवळं होतं. घरी करून बघा. गळ्यात घातलेली माळ लांबली की तीही कावीळ उतरल्याची खूण मानतात. पण माळेतल्या काड्या वाळतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. आणि ए-ई ची कावीळ काही आठवड्यांत आपोआप उतरतेच, त्यामुळं उतरवणाऱ्याचं नाव होतं.

आजी ऐकत नसेल तर माळ घालू द्या, तिनं काही बिघडत नाही. पण पोटात काही द्यायचं नाही, नाकात थेंब नाहीत, तापल्या सळईचा डाग तर मुळीच नाही, आणि रक्ताची तारीख चुकवायची नाही. एवढी तडजोड मी बऱ्याच घरांत चाललेली बघितली आहे.

घरी काय खायचं, काय नाही

पेशंटला उपाशी ठेवणं हा आमच्याकडचा जुना रोग आहे. पंधरा दिवस उकडलेलं, अळणी, पिवळं म्हणून हळद बंद. याची काही गरज नाही. भूक लागेल तसं थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा: भाकरी, वरण, भात, दही, ताक, चालत असेल तर अंडं, केळी तर घरचीच. मळमळ असताना तेलाचा तवंग असलेली शेवभाजी स्वतःलाच नको वाटते, तेवढं पथ्य आपोआप होतं. उसाचा रस चालतो, पण रस्त्यावरचा बर्फ घातलेला नको. ज्या पाण्यानं कावीळ झाली त्याच पाण्याचा तो बर्फ असतो.

दारू पूर्ण बंद. ताप आला तर पॅरासिटामॉल किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच, आणि दुखण्याच्या इतर गोळ्या मनानं नाहीत. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी अजिबात देऊ नका. ती दिली की गुंगी गोळीची की लिव्हरची, हे कुणालाच कळत नाही. आणि लिव्हरची टॉनिकं? त्यांनी हजारावरचं एसजीपीटी लवकर उतरतं असं मला लॅबच्या रजिस्टरमध्ये कधी दिसलं नाही.

पुढच्या तारखा

पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन दिवसांनी तपासणी, मग आकडे उतरायला लागले की आठवड्यानं. शक्यतो एकाच लॅबमध्ये. एका पानावर तारीख, एसजीपीटी, बिलिरुबिन, आयएनआर असे रकाने आखा. नवं एन्झाइम रक्तात येणं थांबलं तरी एसजीपीटी निम्मं व्हायला साधारण दोन दिवस लागतात, एसजीओटी त्याहून लवकर उतरतं. त्यामुळं आज १८००, उद्या १७००, म्हणून घाबरू नका. बिलिरुबिन तर एसजीपीटी उतरायला लागल्यावरही काही दिवस चढत राहू शकतं. अशा वेळी नजर आयएनआरवर ठेवा.

ए आणि ई मध्ये आकडे नॉर्मल व्हायला दोन-तीन महिने लागू शकतात. कामावर जायला तेवढं थांबायची गरज नसते, भूक आणि ताकद आली की हळूहळू सुरू करा. घरातल्यांनी संडासानंतर आणि जेवणाआधी साबणानं हात धुवायचे, ताटं वेगळी करायची गरज नाही. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं असेल तर नवरा किंवा बायको, मुलं, भावंडं सगळ्यांची तीच तपासणी करा आणि निगेटिव्ह आलेल्यांना लस: आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. पेशंटची एचबीएसएजी सहा महिन्यांनी पुन्हा करायची असते, तेव्हा तो बरा झालेला असतो आणि कापूस वेचणीच्या गडबडीत ती तारीख हमखास राहून जाते. मोबाइलमध्ये आजच गजर लावून ठेवा.